कुठला सोड

"कुठला सोड, सर?" टेबलाच्या उजव्या टोकाला बसलेल्या बाईनं मराठीत विचारलं, आणि माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं. अर्धा तास सगळं इंग्रजीत चाललं होतं. मधे प्रिन्सिपलबाई, त्यांच्या डाव्या हाताला लॅपटॉपवर टकटक करणारा एचआरचा गुळगुळीत माणूस, आणि ही तिसरी, लीड्सच्या युनिव्हर्सिटीतून बोलावलेली बाहेरची परीक्षक. समोरच्या पाटीवर टी. व्हिटलॉक एवढंच. बारीक कापलेले केस, गव्हाळ रंग, मनगटावर मोठं घड्याळ. आत शिरताना मी तिच्याकडे एकदा पाहिलं होतं आणि असेल कुणी गुजराती, गोऱ्याशी लग्न केलेली, असं ठरवून मोकळा झालो होतो. लेस्टरमध्ये तीसबत्तीस वर्षं काढली की माणूस गव्हाळ चेहरा दिसला की गुजराती समजतो, आणि दहात नऊ वेळा बरोबर ठरतो. ही उरलेली दहावी वेळ निघाली. म्हणजे अर्धा तास मी जे काही बोललो ते तिनं मराठी कानांनी ऐकलं होतं. प्रिन्सिपलबाई आमच्या दोघांकडे कौतुकानं बघायला लागल्या. आपल्या कॉलेजात दोन माणसं तिसऱ्याच भाषेत बोलतात याचं त्यांना फार असतं, माहितीपुस्तिकेत फोटो टाकता येतो. मी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी पिणाऱ्या माणसाला कुणी घाई करत नाही, हे याच खोलीतल्या मीटिंगांनी मला शिकवलंय.

मुळात मी इथं उमेदवार म्हणून बसलो होतो हेच हास्यास्पद होतं. एकोणतीस वर्षं मी या कॉलेजात फुटबॉल आणि बास्केटबॉल शिकवतोय. खिडकीतून खाली जे ग्राउंड दिसत होतं त्याच्यावरचा चिखल मी माझ्या गल्लीपेक्षा जास्त ओळखतो. मे महिन्यात पत्र आलं, तुमची जागा ॲट रिस्क आहे. जागा म्हणजे मीच, पण इथे माणसाला धोका आहे असं म्हणत नाहीत, जागेला म्हणतात. दोन खेळ, त्यात मुलांचं वेलबीइंग का काय ते कालवून एक नवीन पद काढलं, परफॉर्मन्स पाथवे लीड, आणि त्याला अर्ज करायची मला मुभा दिली. दुसरा उमेदवार बेसिंगस्टोकचा, अठ्ठावीस वर्षांचा. माझ्या आधी त्याचा इंटरव्ह्यू झाला. बाहेर पडताना त्यानं माझा हात हातात घेऊन बेस्ट ऑफ लक म्हटलं. पायात पांढरेशुभ्र बूट होते. ज्याच्या बुटांना चिखल नाही तो कोच कसला, पण हे मी कुणाला सांगू, एचआरवाल्याचेही तसलेच होते. सकाळी मनीषा म्हणाली होती की विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे, टोमणे मारू नकोस. मनीषा माझी बायको, हॉस्पिटलात रेडिओग्राफर. आरपार बघायची तिला सवयच आहे.

एचआरनं आधी एक कागद पाठवला होता. प्रत्येक उत्तर चार कप्प्यांत द्यायचं, परिस्थिती, काम, कृती, रिझल्ट. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा स्टार होतो, म्हणून हे सगळे खूष. लॅपटॉपवर तसे चार कप्पे केलेले असतात आणि ते भरल्याशिवाय त्याला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. शेवटून दुसरा प्रश्न होता, एखाद्या खेळाडूच्या वागण्यानं तुम्हाला धक्का बसला असा प्रसंग सांगा. मी मनातल्या मनात हसलो होतो. इतर उत्तरं मी घोकून आलो होतो, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे सतरा वर्षं घोटलेला तयार किस्सा होता. तो मी सांगायला घेतला, तीन कप्पे भरले, आणि चौथ्याच्या तोंडाशी या बाईनं मला अडवलं.

किस्सा सोड या शब्दाचा. तसं पाहिलं तर माझं सगळं करिअरच त्या एका शब्दाचं आहे. नागपूरला धरमपेठेत आम्ही सिमेंटच्या कोर्टवर खेळायचो तेव्हा प्रत्येक जण प्रत्येकावर तोच ओरडायचा, सोड बे. बॉल धरून ठेवणारा म्हणजे जगातला सगळ्यात नीच माणूस अशी आमची समजूत होती. लग्न करून मी लेस्टरला आलो, तीन वर्षं सुपरमार्केटात डबे रचले, आणि मग या कॉलेजानं मला घेतलं ते क्रिकेटसाठी. भारतीय माणूस, त्याला क्रिकेट येणारच. मला क्रिकेटचा मनस्वी तिटकारा आहे, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. दोन महिन्यांत फुटबॉलच्या कोचची पाठ धरली, तो गेला, त्याच्या टीमपुढे मला उभं केलं. बास्केटबॉलला तर कुणीच नव्हतं, तेही दिलं. सरपोतदार हे आडनाव कुणाला उच्चारता येईना, शशिधरही जमेना, म्हणून मी शॅश झालो. पहिल्याच बुधवारच्या मॅचला एक उंच पोरगा बॉल पायात घेऊन नाचत बसला आणि मी काठावरून ओरडलो, सोड. मराठीत ओरडायचं असं ठरवलं नव्हतं, जे आत होतं ते बाहेर आलं. त्यानं घाबरून पास दिला आणि गोल झाला. महिनाभरात सगळ्यांना तो शब्द कळला. गोरे, सोमाली, पंजाबी, सगळे सोड म्हटलं की सोडायचे. बेलग्रेव्ह रोडवर गुजरात्यांच्या मिठाईच्या दुकानांसमोरून जाताना मला वाटायचं, तुम्ही तुमची दुकानं थाटा, मी इंग्लंडच्या तोंडात एक मराठी क्रियापद घातलंय.

मग एका आईची तक्रार आली की कोच मुलांना अर्वाच्य बोलतो. इंग्रजीत सॉड नावाची एक हलकी शिवी आहे. मला ती ठाऊक नव्हती असं मी तेव्हाच्या प्रिन्सिपलला सांगितलं, आणि ते खरं होतं. खरी गंमत पुढे कळली. मुलांनी माझा सोड कधी ऐकलाच नव्हता, सॉडच ऐकला होता. कोच वैतागून शिवी देतोय, आता बॉल टाकावा हे बरं, एवढीच त्यांची समजूत. एकाही पोराला मराठी आलं नव्हतं, सगळ्यांना कळत होता तो फक्त माझा राग. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. कॉलेजानं त्याचं पोस्टर केलं, समानता आठवड्याला जिन्यात लावलं, माझा फोटो आणि खाली तो शब्द, मराठीत अर्थ सोडून देणे. जिन्यातून जाताना मी तिकडे बघायचो नाही. ज्यांनी ते केलं ती माणसं आणि ज्यानं ते करू दिलं तो माणूस, दोघांबद्दल मला सारखीच किळस वाटायची.

आता किस्सा. दोन हजार आठ, फेब्रुवारी, मुलींच्या बास्केटबॉलची सेमीफायनल नॉटिंगहॅमला. चाळीस सेकंद उरलेली, आम्ही एका पॉइंटनं मागे. बॉल आमच्या एकुलत्या एक मराठी मुलीच्या हातात. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलामुलींत तिच्याइतकं चांगलं कुणी खेळलं नाही, हे मी किस्सा सांगताना सांगत नाही, कारण मग किस्सा पडतो. बास्केटखाली आमचीच दुसरी मुलगी, सिया, एकटी उभी. मी ओरडलो, सोड. मुलगी थांबली. माझ्याकडे बघितलं. मग वाकून तिनं बॉल जमिनीवर ठेवला, घरंगळू नये म्हणून वर क्षणभर हात धरला, आणि कोर्टाबाहेर चालायला लागली, थेट चेंजिंग रूममध्ये. समोरच्या टीमला दोन सेकंद काही सुचेना, मग त्यांच्यातल्या एकीनं बॉल उचलला आणि बास्केट केली. इथे मी थांबतो. मग म्हणतो, आपली मराठी मुलगी, सोड म्हटलं तर खेळच सोडला. आणि आम्ही तीन पॉइंटनी हरलो. इथे हॉल हसतो.

हॉल म्हणजे मंडळाचा. गणपतीला आम्ही एका शाळेचा हॉल घेतो, आरती होते, मुलींची नाचगाणी होतात, आणि जेवणाआधी उल्हास माइक हातात घेऊन म्हणतो, आता सरपोतदार सरांचा सोड. उल्हास मंडळाचा अध्यक्ष, दातांचा डॉक्टर, लोकांना तोंड उघडायला लावण्यात पटाईत. या लोकांबद्दल मला काय वाटतं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. घरांच्या किमती, मुलांच्या ग्रामर स्कूल, पुण्यातला फ्लॅट, एवढ्यात त्यांचं आयुष्य मावतं, आणि खेळ म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. तरी दर वर्षी मी उठतो आणि सांगतो. त्यांच्या मुलींमध्ये दम नाही असं मी त्यांच्या तोंडावर सांगतो आणि ते टाळ्या वाजवतात. उल्हासनं तो किस्सा बेसिंगस्टोकच्या आणि लीड्सच्या मंडळांत नेला. दिवाळीच्या कार्यक्रमांत परकी माणसं मला विचारतात, ते सोडवाले कोच तुम्हीच का. मी हो म्हणतो, आणि त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर जे येतं ते मला एकदा मंडळाच्या व्हिडिओत दिसलं. लाचार हसू होतं ते.

ग्लास रिकामा झाला. "मराठीत उत्तर दिला तरी चालेल," व्हिटलॉकबाई म्हणाली. "मी त्यांना सांगीन."

उत्तर दिला. मी ग्लास खाली ठेवला आणि तो टेबलाच्या कडेवर आपटला. जगात मला एकच माणूस माहीत होतं ज्याच्या मराठीत उत्तर, चूक, आई, मॅच, सगळं पुल्लिंगी होतं. ट्रेनिंगला उशीर झाला की ती म्हणायची, सॉरी सर, माझा चूक झाला. बाकीच्या मुली हसायच्या नाहीत, त्यांना काय कळणार, मी हसायचो. तनिषा. तेव्हा वेणी होती, आता केस कापलेले. आडनाव बदललेलं. पण बघण्याची तऱ्हा तीच, मान किंचित तिरकी. अर्धा तास माझ्यापासून पाच फुटांवर ती बसली होती आणि मी तिचा किस्सा तिलाच सांगत होतो. तीन कप्पे भरेपर्यंत तिनं ऐकून घेतलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. एकोणतीस वर्षं मुलांना ओरडतोय, डोकं वर करा, कोण कुठे आहे बघा.

या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि दोन्ही मला माहीत होती. किस्स्यात जे मी कधीच सांगत नाही ते असं की त्या सेमीफायनलच्या आधीच्या सोमवारी तिचे वडील मला कार पार्कमध्ये भेटले होते. जयंत नाव, इंजिनिअर, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लोंबकळत होतं. मला हॉलला कुलूप लावायचं होतं. ते म्हणाले, सरपोतदार साहेब, मेडिसिनची ॲडमिशन आहे, मार्क घसरलेत, माझं ऐकत नाही, तुमचा शब्द प्रमाण आहे तिला. एकदा तुम्ही सोड म्हणा. हा माणूस मला पाहताक्षणी आवडला नाही. खेळाबद्दल तो एखाद्या व्यसनाबद्दल बोलावं तसं बोलत होता, पोरीला त्यातून सोडवायला निघाला होता. मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, बघतो नको, सांगा. मी म्हणालो, सांगतो हो. असल्या माणसाला असंच कटवायचं असतं. कुलूप लावून गाडीत बसेपर्यंत मी ते विसरलोही. तो विसरला नाही. बुधवारी सकाळी पोहे खाताना त्यानं मुलीला सांगितलं की आज सर स्वतः तुला सांगणार आहेत. आणि चाळीस सेकंद उरलेली असताना, सगळ्या हॉलसमोर, सरांनी सांगितलं.

हे मला तीन दिवसांनी कळलं. शनिवारी दुपारी बेल वाजली, दारात जयंत, हातात पेढ्यांचा बॉक्स. आत या म्हटलं तर म्हणाले, नको, गाडीत मंडळी आहेत. गाडी समोरच, इंजिन चालू. ते म्हणाले, तुमचे फार उपकार झाले, तुम्ही सोड म्हणालात म्हणून ऐकलं, आदल्या दिवशी मीच सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, बुधवारपासून बॉलला हात लावला नाही. एवढी वाक्यं होईपर्यंत मला सगळं समजलं. एकच शब्द बोलायचा होता मला. बॉल. अहो, मी बॉल म्हणत होतो. तो बोललो असतो तर जयंत त्याच पावली परत गेला असता, पोरगी सोमवारी हॉलमध्ये असती, आणि मला तिच्यापुढे चुकलो म्हणावं लागलं असतं. मी बॉक्स घेतला. म्हणालो, अहो, त्यात काय. दार लावल्यावर मनीषानं विचारलं, तू काय केलंस? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग पेढे कसले? तिनं एकही खाल्ला नाही. मी दोन दिवसांत संपवले, कारण घरात बॉक्स दिसत राहिला तर प्रश्नही दिसत राहिला असता. पहिल्यांदा मंडळात किस्सा सांगितला तो त्याच वर्षीच्या गणपतीला. जयंत तोवर नोकरी बदलून लीड्सला गेला होता, नाहीतर माझी छाती झाली नसती.

तर आता उत्तर. खेळ म्हटलं असतं तर सगळंच जमून येत होतं. वडिलांच्या विनंतीवरून, शिक्षणाची काळजी करणाऱ्या कोचनं, जड अंतःकरणानं. वेलबीइंग म्हणतात ते हेच. एचआरवाल्यानं डोळे पुसले असते. तनिषालाही बरं वाटलं असतं कदाचित, की सतरा वर्षांपूर्वी आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं. आणि बेसिंगस्टोकच्या पांढऱ्या बुटांना परत पाठवता आलं असतं. मला साठाव्या वर्षी घरी बसायचं नव्हतं. मनीषा कामाला जाणार आणि मी खिडकीतून कचऱ्याचे डबे बघणार, हे नको होतं. बुधवारी दुपारी दोन वाजता मला ग्राउंडवर उभं राहायचं होतं, एवढंच मला आयुष्याकडून हवंय, आणि त्यासाठी एक खोटं बोलणं माझ्या आजवरच्या खोट्यांच्या मानानं काहीच नव्हतं. खेळ म्हणायला जीभ टाळूला लागली होती. तनिषा मान तिरकी करून बघत होती.

"बॉल," मी म्हणालो.

मला वाटलं होतं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होईल. माझ्या हातून एकदाच काही खरं निसटलं होतं आणि त्याची पोच मला हवी होती, मी अजूनही असलाच माणूस आहे. काहीच झालं नाही. तिनं पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि ते घरंगळू नये म्हणून वर दोन बोटं धरली.

"ते मला मिनीबसमध्येच कळला होता, सर," ती म्हणाली. आवाज शांत, एखाद्या मुलीला पायाचा स्टान्स समजावून सांगावा तसा. "सिया मोकळा होती. मी पाहिला होता तिला. तुम्ही काही बोलला नसता तरी पास दिलाच असता." मग थोडं थांबून म्हणाली, "शनिवारी मी गाडीत होते. बाबानं तुमच्याकडे येताना काच खाली केला होता. मला वाटला, आता सर सांगतील."

मी खाली ग्राउंडकडे बघितलं. एक माणूस छोट्या ट्रॅक्टरनं गवत कापत होता. गाडीत मंडळी आहेत, असं म्हणाला होता जयंत, आणि मी त्या गाडीकडे वळूनही बघितलं नव्हतं. पुढे ती बोलली ते थोडकंच. मेडिसिनला गेलीच नाही. बाबा दोन वर्षं बोलले नाहीत. लीड्सला फिजिओथेरपी शिकताना एके दिवशी हॉलमधून बॉलचा आवाज आला आणि ती आत गेली, आता तिथल्याच मुलींच्या टीमला शिकवते. यात माझा कुठेच संबंध नव्हता, आणि हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, नुसतं सांगत होती. तिच्या मुलींना ती काय ओरडते, असं विचारायचं माझ्या मनात आलं. काही ओरडत नसणार.

एचआरवाला खाकरला. हे सगळं फार इंटरेस्टिंग आहे, पण आपण वेळेच्या जरा मागे आहोत, असं तो हसत म्हणाला, आणि चौथा कप्पा अजून रिकामा आहे. रिझल्ट काय झाला, शॅश? त्याची बोटं वाट बघत होती.

वाक्य ओठांवरच होतं. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, आपोआप येतं. मी तनिषाकडे बघितलं आणि मराठीत म्हणालो, "पेढे घेतले. घेतले आणि खाल्ले."

प्रिन्सिपलबाईंनी भुवया उंचावल्या. एचआरवाल्यानं तनिषाला विचारलं, काय म्हणतायत ते? लीड्सच्या मंडळात तिनं तो किस्सा किती वेळा ऐकला असेल कुणास ठाऊक. ती माझ्यावरची नजर न काढता त्याला इंग्रजीत म्हणाली, "ही सेज दे लॉस्ट. बाय थ्री पॉइंट्स."

प्रिन्सिपलबाई हसल्या. तिथे सगळेच हसतात. एचआरवाल्यानं ते टाइप केलं आणि शेवटचा प्रश्न विचारला.